वळचा फाटा

विमान खाली उतरायला लागलं तशी माजिदाने दुधाची बाटली पूर्वीच्या ओठांशी नेली. करिष्माने निघताना तेवढंच पुन्हा पुन्हा बजावलं होतं, उतरताना बाळाचे कान दुखतात, काहीतरी चोखायला दे. पोरगी डोळे मिटूनच चोखायला लागली. तिच्या डोक्यावरचं केशरी टोपडं घामाने कपाळाला चिकटलं होतं. माजिदाने ते बोटाने सैल केलं.

शेजारच्या सीटवरच्या बाईने वाकून पाहिलं.

"आईवर गेलीय," ती कौतुकाने म्हणाली. "जिवणी बघा, अगदी तुमची."

माजिदा हसली. ती बाई पुन्हा खिडकीकडे वळली तरी ते हसू तिच्या चेहऱ्यावरून उतरेना.

पूर्वी तिची नव्हती. मस्कतला पॅसेजमध्ये तिच्या समोरच्या दारात राहणाऱ्या देवेश आणि करिष्माची ती मुलगी. ही दोघं भिवंडीजवळच्या वळ गावची. करिष्माचं पोटाचं ऑपरेशन ठरलं होतं, पुढे बरेच महिने तिला वजन उचलायचं नव्हतं, आणि देवेशला रजा मिळत नव्हती. माजिदा कायमचीच भिवंडीला परत निघाली होती, म्हणून पोरीला आजी-आजोबांकडे पोचवायचं तिच्याकडे आलं. देवेशच्या आईवडिलांनी नातीला अजून पाहिलंही नव्हतं.

माजिदाची रमशा पूर्वीच्या पाठोपाठच जन्मली होती. जन्मतःच तिच्या काळजाला भोक होतं. दोन महिन्यांची व्हायच्या आतच ती गेली. मस्कतच्याच मातीत तिला ठेवलं.

पहाटे विमानतळावर रांगेत उभी असताना माजिदाने दोनदा मागे वळून पाहिलं होतं. पर्स खांद्यावर होती, दोघींचे पासपोर्ट हातात होते, पोरगी कडेवर होती. तरी काहीतरी राहिलंय, कुणीतरी मागे राहिलंय, असं सारखं वाटत होतं. विमानाची चाकं जमिनीवरून सुटली तेव्हा तिने पूर्वीला एवढं घट्ट धरलं की पोरगी किंचाळली. माजिदाने तिला सैल केलं, पण खालची वाळूच्या रंगाची जमीन दिसेनाशी होईपर्यंत तिने श्वास सोडला नाही.

आणि बाहेर तिची वाट पाहत असणार होते तिचे सासरे, सत्तारमिया. रमशा गेल्याचं त्यांना कुणीच सांगितलेलं नव्हतं.

ती गेली त्याच आठवड्यात इकडे ठाण्याला त्यांच्या हृदयाचं ऑपरेशन झालं होतं. टाके सुकू देत, मग सांगू, असं माजिदाचा नवरा मुबश्शिर म्हणाला. टाके सुकले. मग म्हणाला, थोडं चालाफिरायला लागू देत. एका शुक्रवारी सत्तारमिया फोनवर म्हणाले, "अरे, पोरीचा आवाज तरी ऐकव." मुबश्शिर मोबाइल कानाला लावून तसाच उभा राहिला. समोरच्या दारामागे पूर्वी रडत होती. तो पॅसेजमध्ये गेला आणि त्याने फोन त्या दाराशी धरला. माजिदा आतून पाहत होती. तिने त्याला थांबवलं नाही.

त्यानंतर दर शुक्रवारी तेच झालं. पुढे पुढे देवेश स्वतःच पोरीला घेऊन बाहेर यायचा आणि मान खाली घालून फोनजवळ उभा राहायचा.

"तू पोचायच्या आधी मी अब्बांना सगळं सांगतो," मुबश्शिरने निघताना तिला शब्द दिला होता. "अल्लाशपथ सांगतो."

---

सामान ढकलत ती बाहेर आली आणि कठड्यापलीकडे सत्तारमिया दिसले. पांढरा कुर्ता कडक इस्त्रीचा, दाढीला ताजी मेंदी. ऑपरेशननंतर ते निम्मे झाले होते. कुर्ता खांद्यावरून ओघळत होता. त्यांचा चेहरा पाहताच तिला कळलं, मुबश्शिरने काही सांगितलेलं नाही.

"आली गं माझी माय," असं म्हणत त्यांनी दोन्ही हात पुढे केले. ते तिला म्हणत नव्हते.

माजिदाच्या हातातून पोरगी त्यांच्या हातात गेली. कशी गेली ते तिला नंतर आठवेना. पूर्वी दचकून रडायला लागली, आणि सत्तारमियांनी मान तिरकी करून उजवा कान तिच्या तोंडाजवळ नेला. सगळं आयुष्य त्यांनी कापडाच्या लूमच्या खडखडाटात काढलं होतं. डावा कान कधीचा गेला होता, उजव्याने जेमतेम ऐकू यायचं.

"हाच," ते म्हणाले. डोळे भरून आले होते. "हाच आवाज. चांगदेव, ऐकलास? तुला सांगत होतो ना मी!"

चांगदेव म्हणजे त्यांच्या व्हॅनचा ड्रायव्हर. तो हसला आणि बॅगा उचलायला वाकला.

"अब्बा, मुबश्शिरचा फोन आलेला?" माजिदाने विचारलं.

"रात्री आलेला. म्हणाला, माजिदाला जपा. बस, एवढंच बोलला. आवाज बसलेला होता त्याचा. सर्दी झाली का काय?"

माजिदा बॅगांमागोमाग व्हॅनकडे चालायला लागली.

सत्तारमिया पोरीला घेऊन पुढे बसले. माजिदा मागे, बॅगांच्या शेजारी. ठाणं येईपर्यंत त्यांचं बोलणं थांबलं नाही. शेजारच्या झैबुन भाभीने शेवयांची खीर केलीय. घराला रंग दिलाय. तुझी सास असती तर आज पायात चप्पल न घालता विमानतळावर आली असती. मग ते पोरीशी बोलायला लागले, अगदी हलक्या आवाजात, आणि माजिदाला शब्द ऐकू येईनासे झाले. नुसती त्यांची मान दिसत होती, पोरीवर झुकलेली. कॉलरच्या वर मानेची कातडी सुरकुतली होती.

कशेळीचा पूल आला. खाली खाडीला ओहोटी लागली होती, चिखल उघडा पडला होता. इथून पुढे थोड्याच अंतरावर वळला जाणारा फाटा. देवेशचे आईवडील, केसरीनाथकाका आणि हौसाकाकी, तिथेच उभे राहणार होते. पांढरी व्हॅन येईल, थांबवा, पोरीला उतरवून घ्या, असं देवेशने त्यांना फोनवर सांगून ठेवलं होतं.

"अब्बा," माजिदा म्हणाली, "पुढे वळच्या फाट्यावर थांबायचंय."

व्हॅनच्या इंजिनाचा आवाज होत होता, आणि तिच्या बाजूला त्यांचा डावा कान होता. त्यांना ऐकू गेलं नाही. शेजारून एक कंटेनर धडधडत गेला, त्यात चांगदेवलाही नसेल गेलं.

तिला पुन्हा म्हणता आलं असतं. हात पुढे करून त्यांच्या खांद्याला स्पर्श करता आला असता. तिने हात उचललाही. तेवढ्यात पूर्वीने सत्तारमियांचं बोट मुठीत धरलं आणि ते मोठ्याने हसले, इतके की त्यांना खोकला आला. माजिदाने हात मांडीवर ठेवला.

फाट्यावर टपरीच्या सावलीत ते दोघं उभे होते. काकींनी नऊवारी लुगडं नेसलं होतं, ठेवणीतलं. हातात दुपट्यासारखं काहीतरी घडी केलेलं. काका एक पाऊल रस्त्यावर उतरून येणाऱ्या गाड्यांकडे पाहत होते. व्हॅन दिसली तसा त्यांचा हात वर गेला. माजिदाने तोंड फिरवलं. मागे पाहायचं धाडस तिला झालं नाही.

चांगदेवने गाडी हाणली ती सरळ अंजूरफाट्यापर्यंत.

---

गल्लीत शिरताच लूमचा आवाज सुरू झाला. दोन्ही बाजूंच्या शेडमधून तो एकसारखा येत होता, आणि घराच्या भिंतीतही थोडासा थरथरत होता. सत्तारमियांच्या स्वतःच्या लूम त्यांनी आता भाड्याने दिल्या होत्या. घरात ते एकटेच राहत.

झैबुन भाभी पोरीची दृष्ट काढून, खिरीचं पातेलं ठेवून गेली. सत्तारमियांनी पूर्वीला पलंगावर निजवलं, भोवती उशा लावल्या आणि स्वतः कडेला खुर्ची ओढून बसले. पोरगी झोपली होती. ते वर्तमानपत्राने तिच्यावर वारा घालत होते. पंखा चालू होता, तरी.

"तू खाऊन घे," ते म्हणाले. "तोंड उतरलंय तुझं. मी बसतो हिच्यापाशी."

माजिदा स्वयंपाकघरात गेली. वाटीत खीर घेतली, चमचा घेतला, आणि ओट्याला टेकून उभी राहिली. बाहेरच्या खोलीत कुणीतरी लहान मूल शिंकल्यासारखं वाटलं. ती धावत आली. पूर्वी गाढ झोपेत होती. सत्तारमियांनी मान वर करून तिच्याकडे पाहिलं.

रमशा शिंकायची. उजेड डोळ्यांवर आला की शिंकायची. पूर्वी कधीच नाही.

माजिदाने वाटी खाली ठेवली. खुर्चीच्या उजव्या बाजूला, त्यांच्या ऐकू येणाऱ्या कानाजवळ, ती जमिनीवर बसली.

"अब्बा, ही आपली न्हाय."

"हां?"

"ही आपली रमशा न्हाय. ही आमच्या समोरच्या देवेशची मुलगी. पूर्वी." तिचा आवाज लूमच्या आवाजाहून वर निघाला होता. "आपली रमशा गेली, अब्बा. तुमचं ऑपरेशन झालं त्याच आठवड्यात गेली."

वर्तमानपत्राचा वारा थांबला नाही. पोरीच्या कपाळावरचे चार केस हलत होते, बसत होते, पुन्हा हलत होते. सत्तारमिया त्याच केसांकडे पाहत होते. ते छातीवर हात ठेवतील, खुर्चीतून कलंडतील, असं वाटून माजिदा उठायच्या बेतात गुडघ्यावर आली होती. तसं काही झालं नाही.

"दर जुम्म्याला ऐकायचो मी," शेवटी ते म्हणाले. "पोर रडायची, रडायची. नि तुझा आवाज कधी आला न्हाय. आईने गप कर म्हणावं, ओ ओ करावं, काही तरी. एकदापन न्हाय." त्यांनी उजव्या कानाला हात लावला. "मला वाटलं, हापन गेला."

माजिदाने पलंगाची कड धरली.

"मुबश्शिरला बोलू नका, अब्बा. तुमच्या काळजीने..."

"त्याला काय बोलू?" ते म्हणाले. मग विचारलं, "मातीला कोण होतं त्याच्याबरोबर?"

"देवेश. हिचे वडील. गाडी त्यांचीच होती. दुसरं कुणी आपलं नव्हतं तिथं."

"नि हिचे घरचे? त्यांना ठाऊक हाय ना, ही आज यायची ती?"

माजिदाची मान खाली गेली.

"फाट्यावर उभे होते. वळच्या. मी पाहिलं त्यांना. एकदा तुम्हाला बोलले, तुम्हाला ऐकू गेलं न्हाय. मग पुन्हा बोलले न्हाय मी."

सत्तारमियांनी तिच्याकडे पाहिलं. ते रागावतील म्हणून ती थांबून राहिली. त्यांनी वर्तमानपत्राची नीट घडी घातली, उशीखाली सरकलेलं केशरी टोपडं काढलं आणि झोपलेल्या पोरीच्या डोक्यावर चढवून हनुवटीखाली नाडी बांधली. गाठ दोनदा सुटली.

"चप्पल घाल," ते म्हणाले. "नि चांगदेवला हाक मार. मला हाका मारवत न्हाय आता."

---

वळमध्ये शिरलं की दोन्हीकडे गोदामांच्या निळ्या पत्र्याच्या भिंती लागत. मध्येच एखादं घर, एखादं चिंचेचं झाड, आणि पुन्हा गोदाम. केसरीनाथकाकांचं घर विचारत विचारत सापडलं. जुन्या घराच्या जागी दुमजली बंगला झाला होता, पण पुढचं अंगण तेवढं तसंच ठेवलेलं, सारवलेलं. अंगणाच्या कडेने ट्रक उभे होते. काका ओट्यावर बसले होते. हौसाकाकी उंबऱ्यात होत्या, त्याच ठेवणीतल्या लुगड्यात.

व्हॅन थांबली तशा त्या उठल्या. धावल्या मात्र नाहीत. सत्तारमिया पोरीला घेऊन खाली उतरेपर्यंत, त्यांचा पाय नीट जमिनीला लागेपर्यंत त्या तिथेच उभ्या राहिल्या.

"तुमची अमानत," सत्तारमिया म्हणाले. त्यांनी पोरीला पुढे केलं.

काकींनी तिला घेतलं. तिचे हात पाहिले, पाय पाहिले, टोपड्याच्या शिवणीवरून अंगठा फिरवला. ते टोपडं त्यांनीच शिवून कुणाबरोबर तरी मस्कतला धाडलं होतं. मग त्यांनी पोरीचं पाऊल आपल्या डोळ्यांना लावलं आणि कितीतरी वेळ तसंच धरून ठेवलं.

माजिदा व्हॅनच्या दाराशीच उभी होती.

"काकी," ती म्हणाली, "मी तुम्हाला पाहिलं होतं. फाट्यावर."

"आमीपन तुला पाहिलं, बाय."

"मी गाडी थांबवली न्हाय."

"ठावं हाय मना." काकींनी पोरीला खांद्यावर घेतलं. "ह्यांनी हात वर केलता गाडीला. चाकाखाली जातान का काय, असं पुढं झालते. मीच खाली ओढला. पुढं ह्यो म्हातारा पोरीला घेऊन हासत बसलेला, मना दिसला ना. देवेशनी आमाला सगला सांगतलेला फोनवं. बोल्ला, आये, त्याला बिचाऱ्याला कायच ठाव न्हाय." "मी ह्यांना बोल्ले, जाव दे. नेऊ दे घरापोत. घटकाभर खेलवू दे. आपली पोर हाय, जाते कुठं?"

माजिदाला तिथेच खाली बसावंसं वाटलं, आणि ती बसली. सारवणाचा ओलसर गारवा तळहातांना लागला. काकी तिच्याजवळ येऊन टेकल्या. पूर्वी जागी झाली होती आणि अनोळखी चेहऱ्याकडे टक लावून पाहत होती.

ओट्यावर काकांनी सत्तारमियांना बसायला गोधडी अंथरली. पाणी दिलं. दोघंही म्हातारे रस्त्याकडे तोंड करून बसले. एक ट्रक मागे येत होता, त्याचा पोऱ्या "आने दो, आने दो" ओरडत होता. तो आवाज संपला तेव्हा सत्तारमिया म्हणाले,

"तुमचा लडका होता म्हणे तिथं. मातीला."

"व्हय."

"तुम्हाला काही बोलला असेल तो. माझा मला सांगनार न्हाय. मी विचारलं तरी त्याच्याने सांगवायचं न्हाय."

काकांनी बायकोकडे पाहिलं, मग माजिदाकडे. मग खाली मान घालून काहीतरी पुटपुटले.

"मोठ्यानं बोला, भाऊ," सत्तारमिया म्हणाले. "मला कमी ऐकू येतं."

काकांनी घसा साफ केला. सवय नसलेल्या माणसासारखे ते एकदम फार मोठ्याने बोलायला लागले, अंगणभर ऐकू जाईल असे. काकींनी हाताने त्यांना हळू म्हणून खुणावलं. माजिदाने त्यांचा तो हात धरला आणि मान हलवली. बोलू देत.

माजिदा त्या दिवशी मातीला गेली नव्हती. बायका जात नाहीत. दार लावून ती करिष्माजवळ बसून राहिली होती. मुबश्शिर परत आला तेव्हा न्हाणीघरात किती तरी वेळ पायांवर पाणी ओतत होता. तिने काही विचारलं नव्हतं, त्यानेही सांगितलं नव्हतं. त्याच्या बुटात राहिलेली वाळू तिने दुसऱ्या दिवशी कुंडीत टाकली होती.

"देवेश गाडी चालवत व्हता," काका सांगत होते. "तुमचा पोरगा मागं बसलेला, मांडीवं घेऊन. कुनाला हात लावू दिला न्हाय त्याने. तिथली मानसा आली व्हती, खड्डा खनून ठेवलेला. जमीन कठीन, दगडांची, पन आत मऊ रेती व्हती. पोरगा सोता उतरला. कुशीवं ठेवली तिला. तोंडावरचा कपडा नीट केला. मंग त्याला वर येता येईना. देवेशनी हात देऊन काढला."

सत्तारमियांचे ओठ हलत होते. ते दुवा म्हणत असावेत.

"मंग?"

"मंग ती मानसा दुवा मागाया लागली, देवेश बाजूला भिंतीपाशी जाऊन उभा राहिला. म्हनाला, बाबा, जागा चांगली हाय. झाडबिड न्हाय, पन वारा लागतो." आठवून पाहिल्यासारखं त्यांनी कपाळावर हात घासला. "नि भिंतीच्या पल्याड शाला हाय. बारीक पोरांची. तवाच त्यांची सुट्टी झाली. सगली पोरा भायेर आली नि खेलाया लागली, बोल्ला. भिंतीला टेकूनच. रोज येत असतीन."

माजिदाने काकींचा हात सोडला नव्हता.

सत्तारमियांनी उजव्या कानामागे तळहात धरला आणि काकांकडे वळले.

"हे शेवटचं पुन्हा सांगा," ते म्हणाले.

केसरीनाथकाकांनी पुन्हा सांगितलं. या वेळी आणखी मोठ्याने.